सुटीतला अभ्यास जूनमध्ये कुठे जातो?

जूनच्या मध्यावर ज्युनिअर कॉलेज उघडतं. बारावीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सर अकरावीच्या गतीच्या समीकरणांवरचं एक साधं गणित फळ्यावर लिहितात आणि वर्ग गप्प होतो. याच मुलांनी वार्षिक परीक्षेत तसली गणितं सोडवलेली असतात. सुटीत दिलेला अभ्यासही बहुतेकांनी केलेला असतो. दोनशे पानी वही, तिला कव्हर, प्रश्न काळ्या शाईत, उत्तरं निळ्या शाईत. वही खरी असते, घेतलेले कष्टही खरे असतात. तरी गणित सुटत नाही.

लोह्यासारख्या तालुक्याच्या गावात हे कोडं जरा जास्तच महागात पडतं. लोहा नांदेड-लातूर रस्त्यावर आहे आणि या रस्त्याची दोन्ही टोकं नीट-जेईईच्या तयारीसाठी राज्यभर ओळखली जातात. ज्यांच्या घरी ऐपत आहे ती मुलं मे महिन्यात तिकडे खोली करून राहतात. बाकीच्यांसाठी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंतचे सहा आठवडे घरी, शेतातल्या आखाड्यावर किंवा मामाच्या गावी जातात. त्यांच्या हाती एकच गोष्ट असते, ती म्हणजे कॉलेजनं दिलेला सुटीचा अभ्यास. म्हणून तो अभ्यास कसला असावा, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

अकरावीकडे दुर्लक्ष होण्याचं एक साधं कारण आहे. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत अकरावीचं काही विचारत नाहीत. पण नीटमध्ये दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो आणि एमएचटी-सीईटीतही साधारण २० टक्के भार अकरावीचा असतो. बारावीत शिकवायला सुरुवात झाली की अकरावीकडे वळायला सवड मिळत नाही. ती सवड या सुटीतच असते.

उतरवून काढताना डोक्यात काय घडतं

पाठाखालचा प्रश्न वाचायचा, पुस्तकात किंवा गाइडमध्ये उत्तर शोधायचं आणि वहीत उतरवायचं. या कामात नजर पुस्तकावर असते आणि हात वहीवर. डोक्याला उत्तर शोधावंच लागत नाही, कारण ते समोर छापलेलं असतं. वाक्य डोळ्यांतून आत येतं आणि पेनातून बाहेर जातं. त्यात बहुतेक वह्या भरल्या जातात शेवटच्या चार-पाच दिवसांत, सलग बसून, एका विषयामागून दुसरा.

यातला खरा धोका वेगळाच आहे. लिहून झाल्यावर सगळं आल्यासारखं वाटतं. मजकूर ओळखीचा झालेला असतो आणि ओळख पटली की आपल्याला ते येतं असा समज होतो. पण ओळखणं आणि आठवणं ही दोन निराळी कामं आहेत. पुस्तक उघडं असताना 'हो, हे मला माहीत आहे' असं म्हणता येणं म्हणजे ओळखणं. पुस्तक मिटल्यावर कोऱ्या कागदावर तेच उभं करता येणं म्हणजे आठवणं. परीक्षेत दुसरंच लागतं.

विसरण्याचा वेग

विसरणं मोजायचा पहिला नेटका प्रयत्न जर्मनीतल्या हर्मान एबिंगहाउस यांनी केला. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेल्या अक्षरजुळण्यांच्या याद्या ते पाठ करत, काही काळानं त्याच याद्या पुन्हा पाठ करत आणि दुसऱ्या खेपेला किती कष्ट वाचले ते मोजत. १८८५मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. वीस मिनिटांनी पुन्हा पाठ करताना सुमारे ५८ टक्के कष्ट वाचत होते, एका दिवसानं सुमारे ३४ टक्के, सहा दिवसांनी २५ टक्के आणि एका महिन्यानं २१ टक्के.

या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. पहिली सगळ्यांना ठाऊक असते: विसरण्याचा सगळा जोर सुरुवातीला असतो, नंतर उतार मंदावतो. दुसरीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. महिना उलटला तरी पाटी पूर्ण कोरी होत नाही. पाचव्या हिश्श्याइतके कष्ट तेव्हाही वाचतात, आणि तेही अर्थहीन अक्षरांच्या बाबतीत. ज्याला अर्थ आहे, जे आधी समजून घेतलेलं आहे, ते याहून जास्त टिकतं. तेव्हा जूनमध्ये गप्प झालेल्या वर्गानं अकरावी 'पूर्ण विसरली' असं समजून हताश व्हायचं कारण नाही.

लातूर पॅटर्नमधली जी गोष्ट नजरेतून सुटते

२००६मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटानं तो पुन्हा एकदा वाचला. दुसऱ्या गटानं पुन्हा न वाचता, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारा गट पुढे होता, त्यांना ८१ टक्के आठवलं तर लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, तर लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

दुसऱ्या गटानं उतारा एकदाच पाहिला होता, तरी आठवड्यानंतर तोच गट पुढे राहिला. आठवायचा प्रयत्न करताना मेंदू ती माहिती शोधतो, आजूबाजूच्या धाग्यांशी जोडतो, आणि या शोधण्यानंच तिच्यापर्यंत पोचणं पुढच्या वेळी सोपं होतं. म्हणजे परीक्षा शिकलेलं मोजते तसंच ते पक्कंही करते.

आपल्या भागाला हे नवं वाटू नये. १९८०च्या दशकात लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या काळात जी पद्धत रुजली आणि पुढे 'लातूर पॅटर्न' म्हणून गाजली, तिची ओळख जादा तास आणि सततच्या सराव परीक्षा अशी आहे. गावोगावी तिची नक्कल करताना लोकांनी जादा तास उचलले. पहाटे पाचला वर्ग भरवले, रात्री आठपर्यंत मुलांना बसवून ठेवलं. माझ्या मते त्या पद्धतीची ताकद तासांपेक्षा परीक्षांमध्ये जास्त होती. मूल दर आठवड्याला कोऱ्या कागदासमोर बसतं आणि डोक्यातून काढून लिहितं, यात तिचं बळ होतं. ते बळ घरी बसूनही मिळवता येतं आणि त्याला फी लागत नाही.

वापसा यावा लागतो

आता प्रश्न उरतो वेळेचा. आठवण्याचा प्रयत्न कधी करायचा? वाचल्यावर लगेच केला तर सगळं ताजं असतं, शोधावं लागत नाही आणि फायदा थोडा होतो. फार उशिरा केला तर हाती काहीच लागत नाही.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हे एका शब्दात कळेल: वापसा. पाऊस पडल्यापडल्या काळ्या रानात औत घातलं तर माती औताला चिकटते आणि ढेकळं निघतात. फार दिवस थांबलं तर रान वाळून टणक होतं, औत आत शिरत नाही. मधले काही दिवस असे असतात की माती ओलसर आहे पण चिकटत नाही. पेरणी त्या दिवसांत करायची. शिकलेल्या गोष्टीलाही असा वापसा येतो. थोडी विसरलेली, पण प्रयत्न केला तर सापडेल अशी तिची अवस्था झाली की तेव्हाच तिला पुन्हा हात घालावा.

हा वापसा नेमका किती दिवसांनी येतो याचाही अभ्यास झाला आहे. निकोलस सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये तेराशेहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की परीक्षा जितकी दूर, तितकं उजळणीतलं अंतर मोठं ठेवावं. परीक्षा आठवड्यावर असेल तर दीड ते पावणेतीन दिवसांचं अंतर चांगलं. परीक्षा वर्षावर असेल तर अडीच ते पाच आठवड्यांचं. आपल्या मुलांच्या पुढच्या मोठ्या परीक्षा फेब्रुवारी ते मे या काळात, म्हणजे नऊ ते बारा महिन्यांवर असतात. त्यांच्यासाठी एका पाठाकडे तीन-चार आठवड्यांनी परत येणं सोयीचं. सहा आठवड्यांच्या सुटीत हे छान बसतं. मेच्या पहिल्या आठवड्यात केलेला पाठ जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा कोऱ्या कागदावर काढायचा.

याचा अर्थ असा की मधल्या दिवसांत मूल मामाच्या गावी गेलं, चार लग्नांत जेवून आलं, तर बिघडत काही नाही. त्या दिवसांत वापसा येत असतो. बिघडतं ते फक्त सगळा अभ्यास शेवटच्या आठवड्यात रेटल्यानं.

गणितं सरमिसळ करून सोडवा

गणिताच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. पुस्तकात स्वाध्याय प्रकरणानुसार असतात. त्रिकोणमितीच्या स्वाध्यायात सगळी त्रिकोणमिती. तिथे कोणतं सूत्र लावायचं हे प्रकरणाचं नावच सांगून टाकतं. मुलं पंधरा गणितं सलग बरोबर सोडवतात आणि आत्मविश्वास वाढतो.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना निरनिराळ्या घनाकृतींची घनफळं काढायला दिली. एका गटाला एकेका प्रकाराची गणितं सलग दिली, दुसऱ्याला सगळे प्रकार मिसळून. सराव करताना सलगवाले ८९ टक्के बरोबर होते, मिसळवाले ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र सलगवाले २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर टिकले. मिसळून सोडवताना प्रत्येक वेळी 'हा प्रश्न कुठल्या जातीचा?' हे आधी ठरवावं लागतं, आणि परीक्षेत अडतं ते नेमकं तिथंच. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात आणि कुठल्याही प्रश्नावर प्रकरणाचं नाव लिहिलेलं नसतं.

म्हणून सुटीसाठी शिक्षकांनी शंभर गणितांची यादी द्यायची गरज नाही. आठ प्रकरणांतली दोन-दोन गणितं क्रम मोडून द्यावीत, मागच्या पानावर उत्तरं द्यावीत. उत्तरं फार महत्त्वाची आहेत. चुकीचं आठवलेलं तपासलं नाही तर तेच पक्कं होण्याची भीती असते. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात, तेव्हा तपासायला साधन नाही असं होऊ नये.

आजीला समजावून सांगा

लोह्याच्या आसपासच्या बहुतेक मुलांनी दहावीपर्यंत मराठीतून शिक्षण घेतलेलं असतं आणि अकरावी विज्ञानात सगळं एकदम इंग्रजीतून सुरू होतं. कितीतरी हुशार मुलं इथं वाक्यंच्या वाक्यं पाठ करायला लागतात, कारण समजून घ्यायला वर्गात वेळ मिळत नाही. सुटीत तो वेळ आहे.

१९९४मध्ये मिशेलिन ची या संशोधिकेनं आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणावरचा धडा दिला. एका गटाला प्रत्येक वाक्यानंतर थांबून 'याचा अर्थ काय, हे असं का होतं' ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावलं. दुसऱ्या गटानं तोच धडा दोनदा वाचला. सांगणाऱ्यांना विषय जास्त खोल समजला. सांगताना आपल्याला कुठं कळलेलं नाही ती जागा उघडी पडते, आणि तिथंच परत जाता येतं.

एका कागदावर एक संकल्पना घ्यावी. आधी ती आजीला किंवा धाकट्या भावाला मराठीत सांगावी, दुपारी बाजेवर बसून. मग तीच पाच वाक्यांत इंग्रजीत लिहावी, पुस्तक मिटून. भाषा मोडकी असली तरी चालेल. असे कागद सुटीत वीस झाले तरी पुष्कळ.

विहिरीवरचा प्रकल्प

अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय असतो आणि त्यात प्रकल्प करावा लागतो. बाजारात तयार प्रकल्प मिळतात, मुलं ते उतरवतात. मराठवाड्यातल्या मुलानं पाण्याचा प्रकल्प विकत आणावा, याचं मला खरोखर दुःख होतं. त्याच्या शेतातच प्रयोगशाळा आहे.

आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे काळे थर आहेत. या कातळात पाणी सगळीकडे साठत नाही. वरच्या झिजलेल्या मुरमात आणि कातळातल्या भेगांमध्ये ते राहतं. म्हणून एका विहिरीला मे महिन्यात पाणी असतं आणि दोनशे फुटांवरची कोरडी पडते. विहिरीची खरी मिळकत तळाशी दिसणाऱ्या पाण्यावर ठरत नाही. मोटर बंद केल्यावर झऱ्यांतून रात्रभरात किती पाणी परत भरतं, त्यावर ती ठरते. आपल्याकडे माणसं ती 'मोटर किती वेळ चालते' अशा भाषेत सांगतात.

ही आवक मोजायला एक दोर, एक वजन आणि मोठ्या माणसाची सोबत पुरे. संध्याकाळी मोटर बंद झाल्यावर काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजायची, पहाटे मोटर सुरू करण्याआधी पुन्हा मोजायची. समजा विहिरीचा व्यास ६ मीटर आहे आणि रात्रीत पाणी १ मीटर चढलं. त्रिज्या ३ मीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर. आवक झाली २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाण्याच्या रेल्वेत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. ते अशा विहिरीच्या अठरा रात्रींच्या आवकेइतकं भरतं. हे गणित स्वतःच्या विहिरीवर केलेलं मूल दंडगोलाचं घनफळ सहजासहजी विसरणार नाही.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. मुलांनी मेमध्ये घेतलेली नोंद ऑक्टोबरमध्ये त्याच विहिरीवर पुन्हा घेतली, की पावसाळ्यानं किती दिलं ते कळतं. दहा मुलांनी दहा गावांतून अशा नोंदी आणल्या तर वर्गात तालुक्याचा नकाशा तयार होईल.

कला शाखेच्या मुलांसाठीही घरातच ऐवज आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा घरातले कोण कुठं झोपले होते, काय ऐकू आलं, त्यानंतर किती रात्री बाहेर काढल्या? १९७२च्या दुष्काळात आजोबा कुठल्या कामावर खडी फोडायला गेले होते? पाच माणसांना तेच प्रश्न विचारावेत आणि उत्तरं कुठं जुळतात, कुठं जुळत नाहीत ते लिहावं. इतिहासकार साधनं तपासतात ती अशीच. वाणिज्यवाल्यांनी घरच्या एका पिकाचा जमाखर्च बियाण्यापासून आडतीपर्यंत मांडावा.

ऊन, काम आणि झोप

मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. त्यात धसकटं वेचणं, शेणखत पसरणं ही कामं असतात. मुलाला रोज आठ तास बसवण्याचा हट्ट इथं चालणारच नाही. सकाळी साडेसहा ते साडेआठ हे दोन तास पुरतात, कारण आठवण्याच्या सरावाला वेळ थोडा आणि लक्ष जास्त लागतं. झोप मात्र मोडू नये. शिकलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, हे १९२४मध्ये जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांच्या प्रयोगापासून माहीत आहे. पाठ केल्यावर झोपलेल्यांना जागं राहिलेल्यांपेक्षा जास्त आठवलं होतं.

चौकट : सहा आठवडे, रोज दोन तास

• पहिले दोन आठवडे: एका दिवशी एक पाठ. वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा, मग लाल पेनानं तपासा.
• तिसरा आठवडा: फक्त मिसळलेली गणितं, रोज सहा ते आठ.
• चौथा आठवडा: मामाचं गाव, लग्नं, विहिरीच्या नोंदी. पुस्तक बंद.
• पाचवा-सहावा आठवडा: पहिल्या दोन आठवड्यांतले पाठ न वाचता पुन्हा लिहा. जिथं अडेल तेवढंच वाचा.

शिक्षकांसाठी दोन शब्द

हे सगळं घडायचं तर सुरुवात वर्गातून व्हायला हवी. मूल तेच करतं जे तपासलं जातं. वहीची पानं मोजली गेली तर ते पानं भरेल. म्हणून कॉलेज उघडल्यावर पहिल्या दिवशी वह्या गोळा करू नका. अकरावीवरचे दहा प्रश्न द्या, पुस्तकं बंद ठेवा, गुण कुठंही नोंदवू नका आणि त्याच तासाला उत्तरं फळ्यावर सोडवून दाखवा. अशी चाचणी होणार आहे हे मुलांना एप्रिलमध्येच, सुटी लागण्याआधी सांगून ठेवा. मुलांच्या खोडाखोडीनं भरलेल्या, लाल पेनानं दुरुस्त केलेल्या कागदांना कव्हर घातलेल्या वहीपेक्षा जास्त मान द्या. यंदाच्या सुटीचा अभ्यास ठरवायच्या आधी एवढं करून पाहा.